कपड्याआतला पट्टा की आडवी बॅग?

रोमची ६४ नंबरची बस तेर्मिनी स्थानकावरून व्हॅटिकनच्या दिशेने जाते. पर्यटकांनी खच्चून भरलेली, म्हणून पाकीटमारांचीही आवडती. अशा गर्दीत पासपोर्ट कुठे ठेवायचा?

कपड्याआतला पट्टा म्हणजे आपल्या आजोबांचा कमरेला बांधायचा पैशांचा कसाच. पासपोर्ट, जास्तीचं कार्ड, मोठ्या नोटा त्यात ठेवा; चोराचा हात तिथवर सहज पोचत नाही. पण तिकिटासाठी चारचौघांत शर्ट वर केलात, की ऐवज कुठे आहे हे तुम्हीच दाखवून दिलंत. उन्हाळ्यात घामाने कागद ओले होतात, तेव्हा आधी प्लास्टिकच्या पिशवीत घाला.

आडवी बॅग, म्हणजे एका खांद्यावरून तिरकी अडकवायची, वापरायला सोपी. फोन, पाणी, दिवसापुरते युरो. मात्र ती पोटावर हवी आणि चेनवर हात हवा. बार्सिलोनाच्या मेट्रोत दार बंद होता होता कुणी धक्का देतं, कुणी पुढ्यात नकाशा धरतं, आणि मागे सरकलेली बॅग उघडी झालेली असते. कॅफेत खुर्चीच्या पाठीला तर ती कधीच अडकवू नका.

मला विचाराल तर पासपोर्टसाठी पट्टाच. फोन गेला तर जीव हळहळतो. पासपोर्ट गेला तर आधी पोलिसांत तक्रार, मग भारतीय दूतावासाच्या फेऱ्या, आणि परतीचं विमानही चुकू शकतं.