बिल नको असेल तर पाचशे कमी: 'नाडा-मान्य' पावडरीचा धंदा

गोव्यात म्हापसा असो, डिचोली, फोंडा की मडगाव, हा सौदा सगळीकडे जवळपास एकाच क्रमाने होतो. चवथ, म्हणजे गणेशचतुर्थी, आटोपते, खेळाडूंच्या निवड चाचण्यांच्या तारखा लागतात, आणि जिममधला ट्रेनर मुलाला किंवा मुलीला बाजूला घेऊन म्हणतो, "तुझी रिकव्हरी कमी पडते." संध्याकाळी मोबाइलवर प्रोटीन पावडरीच्या एका डब्याचा फोटो येतो. डब्यावर सोनेरी गोल शिक्का असतो, 'नाडा-मान्य' किंवा 'वाडा सर्टिफाइड'. सोबत एका प्रयोगशाळेचा पीडीएफ अहवाल. किंमत ६,२००. खेळाडू घासाघीस करू लागला की उत्तर तयारच असतं, "बिल नको असेल तर पाचशे कमी करून देतो."

खरी फसवणूक या शेवटच्या वाक्यात आहे. पावडर भेसळीची निघेल किंवा निघणारही नाही. पण बिल सोडलं की उद्या भेसळ सिद्ध करायची वाटच बंद होते. ती कशी, हे कळण्यासाठी आधी शिक्क्याचा निकाल लावू.

'नाडा-मान्य' पूरक आहार अशी काही वस्तूच नाही. नाडा ही आपली राष्ट्रीय डोपिंगविरोधी संस्था. खेळात निषिद्ध असलेले पदार्थ पकडण्यासाठी ती खेळाडूंच्या चाचण्या घेते, शिक्षण देते, प्रकरणं चालवते, पण कुठल्याही पावडरीला मान्यता देत नाही. जागतिक संस्था वाडाही देत नाही. त्यामुळे असा शिक्का दिसला की बाकी काही तपासायच्या आधीच ठरवायचं: विकणारा एक तर खोटं बोलतो आहे, नाही तर त्याला या विषयातलं काही कळत नाही. दोन्ही बाबतीत त्याच्याकडून घ्यायचं नाही.

विक्रेत्याचा पुढचा आधार म्हणजे एफएसएसएआयचा, म्हणजे केंद्राच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाचा, चौदा आकडी परवाना क्रमांक. "सरकारमान्य आहे, नंबर तपासून बघ." तुम्ही संकेतस्थळावर तपासता आणि नंबर खरा निघतो. निघणारच, कारण तो अस्सल कंपनीच्या डब्यावरून उतरवलेला असतो. शिवाय तो परवाना अन्न व्यवसायाचा आहे. डब्यात स्टॅनोझोलॉलसारख्या निषिद्ध स्टेरॉइडचा अंश नाही, अशी हमी त्यातून मिळत नाही. माल आयात केलेला असेल तर लेबलवर आयातदाराचं नाव, पत्ता आणि त्याचा परवाना क्रमांक लागतो. डब्यावर फक्त परदेशी पत्ता असेल तर तो माल सरळ मार्गाने आलेला नाही, एवढं नक्की धरा.

पीडीएफ अहवाल हा या सगळ्यातला सर्वांत चलाख भाग. तो बहुतेक वेळा खोटा नसतो, फक्त निरुपयोगी असतो. त्यात प्रथिनांचं प्रमाण, ओलावा, शिसं, आर्सेनिक, जिवाणूंची संख्या असं सगळं तपासलेलं असतं आणि खाली 'पास' लिहिलेलं असतं. स्टेरॉइड, उत्तेजक, सार्म (स्टेरॉइडसारखा परिणाम करणारी रसायनं) यांचं नावही त्यात नसतं, कारण ती चाचणी कुणी मागितलेलीच नसते. अहवाल हातात आला की तीन गोष्टी बघा. अहवालावरचा बॅच क्रमांक तुमच्या डब्यावरच्या क्रमांकाशी अक्षर न् अक्षर जुळतो का? निषिद्ध पदार्थांची यादी नावानिशी दिली आहे का? आणि प्रत्येक पदार्थ किती सूक्ष्म प्रमाणापर्यंत पकडता येतो, ती मर्यादा लिहिली आहे का? नमुन्याच्या रकान्यात 'ग्राहकाने आणून दिलेला' असं असेल, तर विक्रेत्याने कुठल्या डब्यातली पावडर नेऊन दिली हे प्रयोगशाळेलाही माहीत नसतं. वाडाची मान्यता असलेल्या प्रयोगशाळेचं नाव अहवालावर दिसलं तर जास्तच सावध व्हा. डोपिंगविरोधी संस्थेने किंवा सुनावणी समितीने मागणी केल्याशिवाय अशा प्रयोगशाळा विकाऊ पूरक आहार तपासत नाहीत. विक्रेत्यासाठी तर नाहीच.

डबा अस्सल कंपनीचा असला तरी आतला माल तिचाच असेल असं नाही. जिममधून रिकामे डबे विकत घेतले जातात, आत स्वस्त माल्टोडेक्स्ट्रिन (पिष्टाची पावडर) आणि थोडी व्हे (दुधातल्या प्रथिनांची पावडर) भरतात, तोंडावर नवं फॉइल चिकटवतात. 'असर दिसावा' म्हणून त्यात कुणी स्टेरॉइडच्या गोळ्या कुटून घालतो, तर प्री-वर्कआउटमध्ये, म्हणजे व्यायामाआधी घ्यायच्या पावडरीत, एखादं उत्तेजक मिसळतो. झाकणावरचा क्यूआर कोड स्कॅन केला की हिरवी खूण आणि 'ओरिजिनल' असा शब्द येतो. पण ते पान बऱ्याचदा विक्रेत्यानेच बनवलेलं असतं. कोड स्कॅन करण्याऐवजी कंपनीचा पत्ता स्वतः टाइप करा आणि तिथे जाऊन तपासा. अंगठ्याने पुसला जाणारा बॅच क्रमांक, खोक्यावर एक आणि डब्यावर दुसरा क्रमांक, कोरं फॉइल, या खुणा दिसल्या तर डबा परत करा. दिसल्या नाहीत म्हणून माल खरा आहे असं मात्र समजू नका.

भेसळ नेहमी मुद्दाम केलेली असते असंही नाही. एकाच मिक्सरमध्ये आज एक माल आणि उद्या दुसरा, मधली सफाई वरवरची. एवढ्यानेही डब्यात निषिद्ध पदार्थाचे अंश उतरतात. तुमच्या स्नायूंवर त्याचा काही परिणाम होणार नाही, पण यंत्राला तो दिसतो. आजची उपकरणं मिलीलिटरमागे नॅनोग्रॅम आणि त्याहूनही कमी प्रमाण पकडतात.

आता हाच सौदा पुढे कुठे जातो ते पाहू. उदाहरणासाठी एकोणीस वर्षांची वेटलिफ्टर धरू. तिने ५,७०० रुपये ट्रेनरच्या खासगी यूपीआयवर पाठवले, बिल घेतलं नाही, डबा संपवला आणि फेकून दिला. स्पर्धेत चाचणी झाली. किमान ९० मिलीलिटर लघवी, ए आणि बी अशा दोन बाटल्या. फॉर्मवर गेल्या ७ दिवसांत घेतलेली औषधं आणि पूरक आहार लिहायचा रकाना होता. ट्रेनरने सांगून ठेवलं होतं, "काही लिहू नको, उगाच संशय येतो." तिने रकाना कोरा सोडला. काही आठवड्यांनी नोटीस आली: स्टॅनोझोलॉल.

डोपिंगच्या नियमांत पहिलं तत्त्व असं की शरीरात जे सापडलं त्याला खेळाडू जबाबदार. कुणी दिलं, कसं गेलं, माहीत होतं की नव्हतं, हे सगळे नंतरचे प्रश्न. स्टॅनोझोलॉलसारख्या पदार्थासाठी वाडाच्या २०२१ च्या संहितेनुसार बंदी चार वर्षांची, आणि तात्पुरतं निलंबन लगेच लागू होतं. हेतू नव्हता हे सिद्ध केलं तर दोन वर्षं. उत्पादन दूषित होतं आणि आपली चूक मोठी नव्हती, हे दोन्ही सिद्ध केलं तर शिक्षा नुसत्या ताकिदीपासून दोन वर्षांपर्यंत कुठेही येऊ शकते.

पण हे 'दूषित उत्पादन' सिद्ध करायला काय लागतं? त्याच बॅचचा न उघडलेला डबा, तो कुणाकडून कधी घेतला याचा पुरावा, आणि चाचणीच्या दिवशी फॉर्मवर त्याचं नाव. उघडा डबा पुरत नाही, कारण त्यात कुणीही काहीही घालू शकलं असतं असा आक्षेप येतो. आपल्या वेटलिफ्टरकडे यातलं काहीच नाही. यूपीआयच्या नोंदीत फक्त एका माणसाचं नाव आणि रक्कम आहे, कशाचे पैसे ते नाही. पाचशे रुपयांची सूट तिला किती महाग पडली, ते इथे कळतं.

आणखी एक अट बऱ्याच जणांच्या लक्षात येत नाही. निषिद्ध पदार्थ लेबलवर छापलेला असेल, किंवा इंटरनेटवर साधा शोध घेतल्यावर सापडण्यासारखा असेल, तर ते उत्पादन 'दूषित' धरलं जात नाही. म्हणून लेबलवरची टोपणनावं ओळखता आली पाहिजेत. डीएमएए हे उत्तेजक मिथाइलहेक्झेनामाइन किंवा 'जिरेनियम अर्क' म्हणून छापतात. इफेड्रीन 'मा हुआंग' या नावाखाली येतं. नॅन्डिना डोमेस्टिका या झुडपाच्या अर्कातून हायजेनामाइन येतं, आणि ते स्पर्धेबाहेरही निषिद्ध आहे. 'प्रोप्रायटरी ब्लेंड' लिहून घटकांची प्रमाणं झाकलेला डबा तर हातातसुद्धा घेऊ नये. 'आयुर्वेदिक आहे, काही होत नाही' हे वाक्य विक्रेत्याच्या सोयीचं आहे, नियमांत त्याला जागा नाही.

ट्रेनरचं काय होतं? तो कुठल्या संघटनेशी नोंदलेला प्रशिक्षक असेल तर पदार्थ पुरवल्याबद्दल त्यालाही चार वर्षांपासून आजन्म बंदीपर्यंत शिक्षा होऊ शकते. पण खासगी जिमच्या ट्रेनरची बहुधा कुठेच नोंद नसते. डोपिंगचे नियम त्याच्यापर्यंत सहसा पोचत नाहीत आणि पुढच्या हंगामात तो दुसऱ्या कुणाला तरी डब्याचा फोटो पाठवत असतो.

या धंद्याच्या जोडीला आणखी काही मालही विकला जातो. त्यातला एक म्हणजे 'घरच्या घरी डोप टेस्ट'ची पट्टी. ती गांजा, अफूसारख्या अमली पदार्थांसाठी असते, स्टेरॉइड तिला कळतच नाही. दुसरा माल म्हणजे 'सिस्टम साफ करणारी' गोळी. ती बहुधा फ्युरोसेमाइडसारखं लघवी वाढवणारं औषध असते, आणि असं औषध स्वतःच निषिद्ध यादीत आहे, स्पर्धेत आणि स्पर्धेबाहेरही. म्हणजे पैसे देऊन दुसरा गुन्हा विकत घ्यायचा. भरपूर पाणी पिऊन लघवी पातळ केली तर अधिकारी आणखी नमुना मागतो, घनता बसेपर्यंत बसवून ठेवतो. 'पंधरा दिवस आधी बंद कर, निघून जातं' हा सल्लाही तितकाच पोकळ. काही स्टेरॉइडचे अवशेष कित्येक आठवडे, काहींचे तर महिनोन्महिने सापडतात.

नोटीस आल्यानंतर वेगळेच लोक फोन करू लागतात. कुणी 'बी नमुना मॅनेज करतो' म्हणतो, कुणी मागच्या तारखेचं टीयूई काढून देतो. टीयूई म्हणजे आजारासाठी घ्यावं लागणाऱ्या औषधाची आधी घेतलेली परवानगी. ती डॉक्टरांच्या निदानावर आणि कागदपत्रांवर मिळते, अर्ज साधारणपणे स्पर्धेच्या ३० दिवस आधी करायचा असतो. पावडरीसाठी टीयूई मिळत नाही. बी बाटली खेळाडूसमोर सीलबंद झालेली असते आणि फेरतपासणीसाठी ती उघडताना खेळाडूला किंवा त्याच्या प्रतिनिधीला हजर राहता येतं, मॅनेज करायला त्यात काही नाही. हा दलाल पैसे घेऊन तुमचा वेळ मात्र खातो, आणि तो वेळ मोलाचा असतो: आरोपाची नोटीस मिळाल्यापासून २० दिवसांत कबुली देऊन शिक्षा मान्य केली तर चार वर्षांतलं एक वर्ष कमी होतं. कबुली द्यायची की लढायचं, हे डोपिंगची प्रकरणं चालवलेल्या वकिलाला विचारून या वीस दिवसांतच ठरवावं लागतं. खेळाडू सोळा वर्षांखालचा असेल तर नियम बराच मवाळ आहे. पदार्थ शरीरात कसा गेला हे त्याला सिद्ध करावं लागत नाही. पालकांनी हे वकिलाला पहिल्याच भेटीत विचारून घ्यावं.

पूरक आहार घ्यायचाच असेल तर. आमचं मत विचाराल तर गोव्यातल्या बहुतेक खेळाडूंना त्याची गरज नसते. मासे, अंडी, डाळ, दूध नीट खाल्लं तर प्रथिनं भागतात, आणि डब्यासाठी जाणाऱ्या पैशांत महिनाभराची अंडी येतात. तरीही घ्यायचा असेल तर 'इन्फॉर्म्ड स्पोर्ट' किंवा 'एनएसएफ सर्टिफाइड फॉर स्पोर्ट' अशी खूण असलेलाच घ्या आणि तुमचा बॅच क्रमांक त्यांच्या संकेतस्थळावर स्वतः शोधा. 'इन्फॉर्म्ड चॉइस' ही वेगळी खूण आहे, तिच्यात प्रत्येक बॅच तपासली जात नाही. यानेही धोका कमी होतो, संपत नाही. एकाच बॅचचे दोन डबे घ्या, एक उघडा आणि दुसरा सीलबंद ठेवून द्या. बिलावर दुकानाचा जीएसटी क्रमांक, उत्पादनाचं नाव आणि बॅच क्रमांक लिहून घ्या, 'जनरल सामान' असं लिहिलेलं बिल परत करा. दोन्ही डब्यांचे तळ, झाकण, लेबल यांचे फोटो बिलासकट काढून ठेवा. गोव्याच्या पावसात उघडा डबा लवकर दमट होतो आणि वाया जातो, म्हणून मोठे डबे घेऊच नका. चाचणीच्या फॉर्मवर प्रत्येक गोष्ट लिहा, अगदी डोकेदुखीची गोळीसुद्धा.

आधीच फसला असाल तर विक्रेत्याला जाब विचारायला धावू नका. सावध झाला की तो शिल्लक माल आणि चॅट दोन्ही नाहीसं करतो. आधी संभाषणाचे स्क्रीनशॉट, यूपीआयच्या नोंदी, उरलेला डबा, असलं ते सगळं गोळा करा. मग अन्न व औषध प्रशासनाकडे लेखी तक्रार द्या. अन्नसुरक्षा कायद्याच्या कलम ४० खाली ग्राहकही फी भरून वस्तू अन्न विश्लेषकाकडून तपासून घेऊ शकतो, पण खरेदीच्या वेळीच तसा इरादा विक्रेत्याला सांगावा लागतो. आधी घेतलेल्या डब्यासाठी हा मार्ग चालत नाही, म्हणून तक्रारीत अधिकाऱ्यांनी दुकानातून नमुना घ्यावा अशी मागणी स्पष्ट लिहा. ग्राहक हेल्पलाइन १९१५ आहे. पैसे ऑनलाइन गेले आणि माल आलाच नाही, तर १९३० वर जितक्या लवकर फोन कराल तितकी रक्कम गोठवली जाण्याची शक्यता जास्त. उत्तर गोव्याचा जिल्हा ग्राहक आयोग पर्वरीला, दक्षिणेचा मडगावला. मालासाठी मोजलेली रक्कम पाच लाखांपर्यंत असेल तर तिथे शुल्क लागत नाही, पण तक्रारीसोबत पहिला कागद ते बिलाचाच मागतात.