आवडता ब्लॉग सापडल्यावर: ग्रुपवर टाकायचा, ईमेलनं मागवायचा की रीडरमध्ये जोडायचा?

गेल्या मे महिन्यात नागपूरच्या धरमपेठेत तर्री-पोह्याच्या ठेल्यावर उभे असताना मित्रानं विचारलं, "काहून बे, तू हे ब्लॉग कुठून शोधून आणून राहिला? मला तर रील्सशिवाय काही दिसतच नाही."

त्याला नुकतीच मी काटोलकडच्या एका संत्रावाल्याच्या ब्लॉगची लिंक पाठवली होती. हा माणूस वर्षातून तीनदा लिहितो. मृग बहार, म्हणजे मृगाच्या पावसावरचं फूल, धरायला मेच्या उन्हात बागेचं पाणी तोडलं (याला ताण देणं म्हणतात) की एक पोस्ट, पावसावर फूल आलं की दुसरी, फेब्रुवारी-मार्चमध्ये फळ उतरलं की तिसरी. मधे कधी कधी आठ-आठ महिने सामसूम. मला विचाराल तर ब्लॉग वाचायची कोणतीही सोय याच कसोटीवर घासून बघावी: वर्षातून तीनदा लिहिणारा माणूस तिच्यातून निसटतो का? रोज लिहिणारा काय, कुठूनही दिसतोच.

व्हॉट्सअ‍ॅप आधी घेऊ, कारण सगळे तिथूनच सुरुवात करतात. पाणी तोडल्याची ती पोस्ट मी आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर टाकली होती. तासाभरात तिच्यावर नऊ सुप्रभात, एक गुलाबाचं फूल आणि टाकी धुण्याची सूचना येऊन बसली. बरं, नुसती बुडाली असती तरी चाललं असतं. तिसऱ्या दिवशी तीच पोस्ट नात्यातल्या एका ग्रुपवरून माझ्याकडे परत आली. लिंक गायब, लिहिणाऱ्याचं नाव गायब आणि वर मथळा: 'एका शेतकऱ्याची व्यथा, डोळ्यांत पाणी येईल'. व्यथा कसली? गडी झाडं कशी सुकवतो ते मजेत सांगत होता! फार फिरलेला मजकूर एका वेळी एकाच चॅटमध्ये पाठवता येतो, ही मर्यादा २०२० पासून आहे. पण मजकूर कॉपी करून चिकटवला की ती लागूच होत नाही. म्हणून माझा नियम असा की ग्रुपवर टाकायचं नाही. एका माणसाला पाठवायचं, आणि सोबत एक ओळ लिहायची की हे तुलाच का पाठवतोय. तेवढ्यापुरतं व्हॉट्सअ‍ॅपसारखं दुसरं काही नाही.

ईमेलचा मामला सरळ आहे. वर्डप्रेस डॉट कॉम किंवा सबस्टॅकवरचा ब्लॉग असेल तर पत्ता द्या, नवी पोस्ट आली की मेल येतो. जुन्या ब्लॉगस्पॉटवाल्यांच्या बाबतीत मात्र जपून. त्यातल्या अनेकांची ईमेलची सोय गूगलच्याच फीडबर्नर या सेवेवर चालायची आणि गूगलनं ती २०२१ मध्ये गुंडाळली. काही ब्लॉगांवर पत्ता भरायचा चौकोन अजून तसाच आहे. मी एकदा इमानदारीनं पत्ता भरून दोन महिने वाट पाहत बसलो होतो. शिवाय जीमेल असे मेल बऱ्याचदा प्रमोशन्सच्या कप्प्यात टाकून देतं, साड्यांच्या सेलशेजारी. तरी ज्यांना नवं अ‍ॅप नकोच आहे त्यांच्यासाठी हेच बरं. माझ्या आईला मी हेच करून दिलंय.

आता रीडर, म्हणजे आवडत्या ब्लॉगांवरचं नवं लिखाण एका जागी आणून दाखवणारी सोय. गूगल रीडर १ जुलै २०१३ ला बंद झालं तेव्हा अनेकांना वाटलं की हा प्रकारच संपला. संपला नाही. बहुतेक ब्लॉगांमागे नव्या लेखांची एक यादी आपोआप तयार होत असते, तिला फीड म्हणतात; रीडर ती यादी अधूनमधून तपासतो, एवढंच. फीडली नावाच्या रीडरमध्ये फुकटात १०० ब्लॉग जोडता येतात, इनोरीडरमध्ये १५०. अँड्रॉइडवर फीडर नावाचं अ‍ॅप आहे, त्याला खातंसुद्धा उघडावं लागत नाही. ब्लॉगचा पत्ता चिकटवला की पुढचं ते बघून घेतं. संत्रावाला आठ महिने गप्प बसून एक दिवस लिहितो आणि ते इथं वर येऊन थांबतं; आपण चार दिवसांनी उघडलं तरी तिथंच असतं. कोणी मधे येऊन 'तुम्हाला हेही आवडेल' म्हणत नाही.

दोष आहेत. काही ब्लॉग फीडमध्ये पहिला परिच्छेदच देतात, बाकीच्यासाठी साइटवर जावं लागतं. न वाचलेल्यांचा आकडा वाढत गेला की तो बघवत नाही, कपाटातल्या न उघडलेल्या दिवाळी अंकांसारखा. आणि मुख्य म्हणजे, रीडर नवं काही शोधून देत नाही.

शोधायचं काम तुमचं. मला सर्वांत चांगले ब्लॉग मिळाले ते आवडत्या ब्लॉगच्या कडेच्या पट्टीतून. ब्लॉगस्पॉटच्या ब्लॉगवर तिथं लिहिणाऱ्याच्या आवडीच्या ब्लॉगांची यादी लावता येते, आणि ताजी पोस्ट ज्याची तो सर्वांत वर अशी ती रचताही येते. म्हणजे कोण अजून लिहितंय ते न उघडताच कळतं. दुसरा उपाय गूगलचाच: इंग्रजीत 'साइट', मग विसर्गासारखी दोन टिंबं, त्याला चिकटून ब्लॉगस्पॉट डॉट कॉम, आणि पुढे देवनागरीत नेमके शब्द. 'शेती' लिहाल तर कचरा येईल. 'मृग बहार ताण' लिहिलं तेव्हा मला हा काटोलवाला सापडला.

अख्खी यादी कुणाला द्यायची असेल तर रीडरमधून ओपीएमएल फाइल काढता येते. समोरच्यानं ती आपल्या रीडरमध्ये उघडली की सगळे ब्लॉग एका झटक्यात येतात. मी ती क्वचितच देतो. साठ ब्लॉग एकदम मिळालेला माणूस एकही वाचत नाही. पाच द्यावेत, फार तर सहा.

मित्राला पाचच दिले. एका हातात पोह्याची प्लेट, दुसऱ्या हातात फोन, स्क्रीनवर तर्रीचा थेंब, अशा अवस्थेत त्यानं फीडर उतरवून घेतलं. मला वाटलं, आठवड्यात काढून टाकेल. जूनच्या शेवटी एका सकाळी त्याचा मेसेज आला: "फूल आलं बे." मी तोवर रीडर उघडलाच नव्हता.