गूगल कॅलेंडर शेअर करताय? समोरच्याला नक्की काय दिसतं ते आधी बघा

गूगल कॅलेंडर मी कितीतरी वर्षं वापरतेय. पुण्यात घरूनच फ्रीलान्स डिझाइनची कामं करते, एका वेळेला चार-पाच क्लायंट असतात, आणि प्रत्येकाने 'उद्या मोकळी आहेस का' म्हणून फोन करण्यापेक्षा कॅलेंडर शेअर करून टाकलेलं बरं पडतं. हा रिव्ह्यू फक्त त्या शेअरिंगचा आहे, म्हणजे आपल्या खासगी गोष्टी त्यात खासगी राहतात का एवढ्यापुरता.

मागच्या वर्षी आईची केमो सुरू झाली. दर 21 दिवसांनी गुरुवारी सकाळी नऊला हॉस्पिटलच्या डे केअरला पोचायचं आणि दोन-अडीचपर्यंत तिथेच. विसरायला नको म्हणून मी सगळं कॅलेंडरमध्ये टाकत गेले, वर 'आई केमो 3' आणि खाली आदल्या दिवशीची रक्ततपासणी, जुनी फाइल, डॉक्टरांना विचारायचे प्रश्न वगैरे. तेच कॅलेंडर एका क्लायंटच्या टीमशी शेअर केलेलं होतं आणि त्याचं सेटिंग मी कधीतरी 'सी ऑल इव्हेंट डिटेल्स' करून ठेवलेलं, कारण तेव्हा त्यात मीटिंगांशिवाय काही नसायचंच. एका कॉलवर त्यांच्या मॅनेजरने आठ जणांसमोर अगदी आपुलकीने विचारलं, "आईंची तिसरी केमो नीट झाली ना?" त्यांच्या मनात काही वाईट नव्हतं, पण आईने आम्हा दोघा भावंडांना बजावून ठेवलं होतं की मावशीलासुद्धा इतक्यात कळवायचं नाही, आणि इथे मी ज्यांना एकदाही प्रत्यक्ष भेटले नाही त्यांना कितवी केमो चाललीये तेही माहीत. मला पुढे काही बोलायलाच सुचेना. यात अ‍ॅपची काही चूक नव्हती, सेटिंग माझंच होतं, पण त्या रात्री बसून मी शेअरिंगचा एकेक ऑप्शन उघडून बघितला.

तर मुख्य गोष्ट. कॉम्प्युटरवर कॅलेंडर उघडून डावीकडे आपल्या कॅलेंडरच्या नावासमोरच्या तीन टिंबांवर जाऊन 'सेटिंग्ज अँड शेअरिंग' उघडा, तिथे प्रत्येक माणसाच्या नावापुढे परवानगी निवडता येते. 'सी ओन्ली फ्री/बिझी' ठेवलं की समोरच्याला फक्त वेळेचा चौकोन दिसतो आणि त्यावर 'बिझी', नाव नाही, जागा नाही, काहीच नाही. त्याच्या पुढची पायरी सगळे तपशील बघण्याची, मग बदल करण्याची, आणि शेवटी बदल करून वर आणखी कोणाला शेअर करायचं तेही ठरवण्याची. क्लायंटला पहिल्या पायरीपलीकडे काही द्यायची गरज नसते हे मी आता अगदी ठामपणे सांगते, मीटिंग ठरवायला त्यांना तुमची वेळ लागते, कारण लागत नाही.

इव्हेंटलाही वेगळं 'प्रायव्हेट' करता येतं आणि इथेच लोक फसतात. ज्याला कॅलेंडर फक्त बघण्याची परवानगी आहे त्याला प्रायव्हेट केलेला इव्हेंट नुसता 'बिझी' दिसतो, इथवर छान. पण ज्याला तुम्ही बदल करायची परवानगी दिलीये त्याला प्रायव्हेट इव्हेंटसुद्धा पूर्ण दिसतो! म्हणजे ऑफिसातल्या सहकाऱ्याला 'तूच मीटिंग टाकत जा' म्हणून एडिट दिलं असेल तर तुमची डॉक्टरची वेळ, इंटरव्ह्यू, वकिलाची भेट, सगळं त्याच्यासमोर उघडं. उलटंही होतं, कॅलेंडर फ्री/बिझीवर असताना एखादा इव्हेंट 'पब्लिक' केला तर त्या एकाचे तपशील त्या लोकांना दिसतात.

शिवाय प्रायव्हेट करणं दर वेळी आठवणीने करावं लागतं, आणि आजारपणाच्या धावपळीत हॉस्पिटलच्या काउंटरवर उभं राहून पुढची तारीख टाकताना कोणाला आठवतंय? म्हणून मी आईचं कॅलेंडरच वेगळं केलं. डाव्या बाजूला 'अदर कॅलेंडर्स'च्या पुढे अधिकचं चिन्ह आहे, तिथून दोन मिनिटांत नवीन तयार होतं. ते फक्त माझं आणि बेंगळुरूच्या दादाचं, त्याला एडिट दिलंय, म्हणजे तो विमानाचं तिकीट केमोच्या तारखा बघून काढतो. मुख्य कॅलेंडरमध्ये तेवढ्याच वेळेला मी 'काम आहे' एवढंच टाकते, कारण वेगळं कॅलेंडर क्लायंटला दिसतच नाही आणि त्यांना वाटतं मी मोकळी आहे. थोडं डबल काम होतं, पण चालतं. नव्या कॅलेंडरला नाव मात्र साधं द्या, पुढेमागे कोणाला शेअर केलं तर ते नाव त्याला दिसणार.

अजून एक, 'मेक अव्हेलेबल टू पब्लिक' ही टिक. क्लासवाले, गाण्याच्या कार्यक्रमवाले यांना ती उपयोगाची आहे, पण स्वतःच्या रोजच्या कॅलेंडरवर ती चुकून पडली तर लांबच्या कोणालाही ते बघता येतं. आणि त्याच पानावर खाली 'सीक्रेट अ‍ॅड्रेस' नावाची लिंक असते, ती ज्याच्या हातात पडेल त्याला लॉगिन न करता सगळं कॅलेंडर वाचता येतं, त्यामुळे ती व्हॉट्सअ‍ॅपवर कोणाला पाठवायची नाही, आणि पाठवली असेल तर तिथेच रीसेटचं बटण आहे, ते दाबलं की जुनी लिंक बंद.

सोसायटीच्या मीटिंगचं किंवा मुलांच्या वाढदिवसाचं इन्व्हाइट पाठवताना 'सी गेस्ट लिस्ट'ची टिक काढायला विसरू नका, नाहीतर सगळ्यांचे ईमेल सगळ्यांना जातात. ऑफिसच्या अकाउंटवर खासगी काही टाकूच नये असं माझं स्पष्ट मत आहे, तिथे कंपनीतल्या इतरांना काय दिसावं याचं मूळ सेटिंग अ‍ॅडमिनच्या हातात असतं.

बाकीच्यांशी तुलना करायची तर आउटलुकमध्ये मधली एक पायरी जास्त आहे, फक्त शीर्षक आणि जागा दाखवायची, ती मला आवडली. अ‍ॅपलचं आयक्लाउड कॅलेंडर घरच्या माणसांसाठी सुटसुटीत आहे, पण तिथे एखाद्याला शेअर करताना 'नुसतं बिझी दाखव' असं सांगता येत नाही, त्यामुळे क्लायंटच्या कामाला माझ्या उपयोगाचं नाही. प्रोटॉन कॅलेंडर एन्क्रिप्टेड आहे, म्हणजे आतला मजकूर कुलूपबंद राहतो, आणि लिंक देताना फक्त व्यस्त वेळ दाखवायची सोय आहे, ज्यांना गूगलकडे काही ठेवायचंच नाही त्यांनी ते बघावं.

मी पाचपैकी चार स्टार देतेय. एक कापला कारण शेअर केल्यावर 'त्या माणसाच्या नजरेने बघ' असं एखादं बटण मला कुठे मिळालं नाही, आणि मला ते सगळ्यात जास्त हवं होतं. त्यावर माझा उपाय असा की मी दुसरं एक जीमेल अकाउंट उघडलं, क्लायंटला जी परवानगी दिलीये तीच त्याला दिली आणि ब्राउझरच्या इन्कॉग्निटो विंडोत, म्हणजे जिथे माझं नेहमीचं लॉगिन नसतं तिथे, जाऊन त्यातून स्वतःचं कॅलेंडर बघितलं. गुरुवार, सकाळी नऊ ते दुपारी अडीच, एक चौकोन, आत 'बिझी'. बस.

तो स्क्रीन मी आईला दाखवला, कारण झाला प्रकार तिला सांगितल्यापासून ती दर वेळी बजावायची, "तारीख कुठे लिहू नकोस हं." तिने चष्मा लावून फोन जवळ घेतला, बोटाने त्या चौकोनावर दाबून बघितलं, आत काहीच उघडेना. "एवढंच दिसतं त्यांना?" म्हणाली. हो म्हटलं. मग चष्मा काढून म्हणाली, "बरं, मग सोमवारचं स्कॅन पण टाकून दे त्यात, दादाला कळू दे."