सायटोकाइन वाढवणारी पावडर, डुकरांवर वापरून बघितली: ५ पैकी २ स्टार

पिवळं पाकीट, त्यावर हसणारं गुलाबी पिल्लू, एक किलोला ६८० रुपये. ब्रँडचं नाव मुद्दाम लिहीत नाही कारण असाच माल वेगवेगळ्या नावांनी फिरतोय आणि सगळ्यांच्या लेबलवर थोड्याफार फरकाने एकच लिहिलेलं असतं, डुकरांचे सायटोकाइन (प्रतिकारशक्तीच्या पेशींचे निरोप, खाली सांगतोच) वाढवा आणि आजार पळवा. हल्ली कुडाळ-सावंतवाडीकडच्या पशुखाद्याच्या दुकानात दिसायला लागलीय म्हणून लिहितोय. आमचा फार्म लहान आहे, यॉर्कशायर जातीच्या संकराची डुकरं, बराचसा माल गोव्याला जातो.

आधी आत काय आहे ते. यीस्टच्या पेशींचं कवच म्हणजे बीटा ग्लुकन, शिवाय व्हिटॅमिन ई, सेलेनियम, झिंक. यातलं काहीच बोगस नाही. शरीरातल्या जंतू गिळणाऱ्या मॅक्रोफेज पेशी बीटा ग्लुकनला बुरशीचा तुकडा समजून ओळखतात आणि जाग्या होतात, हे खरं आहे, पण प्रत्यक्ष पिल्लांवर फायदा कधी दिसतो कधी नाही, आणि डोस, वय, गोठ्याची स्वच्छता यावर सगळं अवलंबून असतं. वास पावाच्या पिठासारखा, पिल्लं नाक न मुरडता खातात. मोजायला चमचा मात्र दिलेला नाही, आणि पाकीट एकदा उघडलं की आपल्या पावसाळी हवेत गुठळ्या धरतात, मग त्या हाताने फोडत बसा.

माझं मेन भांडण लेबलशी आहे. सायटोकाइन म्हणजे पेशींनी एकमेकींना धाडलेले निरोप, बारीक प्रोटीन असतात ती. त्यात इंटरल्यूकिन १, इंटरल्यूकिन ६ आणि टीएनएफ अल्फा हे तिघे वाढले की मेंदूला निरोप जातो, ताप चढतो, डुक्कर कोपऱ्यात पडून राहतं आणि गव्हाणीकडे बघतसुद्धा नाही. त्याच वेळी स्नायूंमधलं प्रोटीन मोडून लिव्हर हॅप्टोग्लोबिनसारखी प्रोटीनं बनवायला घेतं, म्हणजे तुम्ही घातलेलं खाद्य मांसात न जाता लढाईत खर्च होतं. मग हे 'वाढवा' म्हणजे नक्की काय वाढवा? शिमग्याचा ढोल वेळेवर वाजला आणि वेळेवर थांबला तर ठीक, महिनाभर दारात वाजत राहिला तर घरात कोण जेवेल? खरं काम वाढवण्यापेक्षा वेळेवर उतरवण्याचं आहे, त्यासाठी इंटरल्यूकिन १० सारखे शांत करणारे निरोपही शरीरातच असतात, पण ते लेबलवर कोण छापणार.

पाकिटावरच्या हेल्पलाइनला फोन केला तर तिथला मुलगा म्हणाला सर सायटोकाइन म्हणजेच इम्युनिटी, जेवढी जास्त तेवढी चांगली. मी विचारलं मग ताप आलेल्या डुकराची इम्युनिटी सगळ्यात चांगली का, तर म्हणाला टेक्निकल टीमकडून कॉल येईल. अजून येतोय.

वापरून काय दिसलं? नुकतीच आईपासून तोडलेली पिल्लं घेतली, एका खणात पावडर, शेजारच्या खणात नुसतं खाद्य. हगवण दोन्हीकडे लागली आणि दोन्हीकडे सारखीच थांबली. हा काही शास्त्रीय प्रयोग नाही, पण ६८० रुपयांत डोळ्याला दिसेल असा फरक पाहिजे ना. दूध तुटलं की पिल्लू नीट खात नाही, आतड्याच्या आतली मखमल आखूड होते, तिथेच हे सूज आणणारे सायटोकाइन वर जातात आणि आतडं गळकं होतं. म्हणजे त्या आठवड्यात ते आधीच भरपूर असतात! तिथे उपयोग होतो तो आईजवळ असतानाच थोडं थोडं कोरडं खाद्य चाखायला दिल्याचा, रात्री उबेचा आणि कोरड्या जमिनीचा. आमच्याकडे काम बघणारे बाबी काका पाकिटाकडे बघून म्हणालेच होते, "ह्या पावडरीन काय एक होवचा नाय, बोडक्यार पत्रो तापता तो बघ आधी."

पत्र्याचं त्यांचं म्हणणं अगदी बरोबर आहे. डुकराला अंग थंड ठेवण्याइतका घाम येत नाही, मे महिन्यात पत्र्याखाली ते धापा टाकतं, रक्त कातडीकडे वळतं, आतड्याला कमी पडतं, मग आतल्या जंतूंचं विष रक्तात झिरपतं आणि पुन्हा तेच टीएनएफ वगैरे सुरू. झावळ्या टाकून पत्रा झाकला आणि दुपारी पाणी मारलं तर खाणं सुधारतं, खर्च जवळपास काही नाही.

आणि ज्याला खरंच इम्युनिटी पाहिजे त्याने चीक सोडू नये. डुकरिणीच्या वारेतून अँटिबॉडी पोटातल्या पिल्लाला मिळत नाहीत, पिल्लू जवळपास कोरं जन्मतं, आणि जन्मानंतर तासागणिक आतड्याचं दार बंद होत जातं, साधारण २४ ते ३६ तासांत मिटतंच. त्या चिकात अँटिबॉडीबरोबर आईच्या पेशी आणि सायटोकाइनसुद्धा असतात, फुकट. अशक्त पिल्लाला धरून आईच्या छातीकडच्या सडाला लावायचं, तिथे दूध जास्त असतं. नंतर वेळेवर क्लासिकल स्वाइन फीवरची, म्हणजे डुकरांच्या विषाणूजन्य तापाची लस. पूर्वी ही सशाच्या प्लीहेपासून करायचे, एका सशातून साधारण ५० डोस, आता आयव्हीआरआयची (भारतीय पशुवैद्यक संशोधन संस्था) पेशींवर वाढवलेली लस २०२० मध्ये आलीय. लसीनंतर एखादा दिवस जनावर सुस्त वाटलं तर घाबरू नका, ते सायटोकाइनचंच काम आहे आणि ते आपोआप उतरतं. उतरलं नाही तर डॉक्टरांना बोलवा, पावडर देऊ नका.

गंमत म्हणजे सायटोकाइनला सरसकट वाईटही म्हणता येत नाही. गाभण राहिल्यावर ११-१२ व्या दिवशी डुकराचा गर्भ काही तासांत गोळ्याचा लांब दोरा होतो, तेव्हा तो स्वतः इंटरल्यूकिन १ बीटाचा एक वेगळा प्रकार सोडतो आणि गर्भाशयाला कळवतो की मी आलोय. तापवाल्या इंटरल्यूकिनचाच सख्खा भाऊ, काम वेगळं!

दोन स्टार कशाचे? एक घटक खरे आहेत त्याचा, एक पिल्लं खातात त्याचा. ज्यांच्या खाद्यात मिनरल मिक्स्चर अजिबात नाही, नुसत्या कोंड्यावर आणि काजूच्या बोंडांवर चाललंय, त्यांना झिंक-सेलेनियमचा थोडा फायदा होईलही, पण त्यासाठी साधं मिनरल मिक्स्चर बरंच स्वस्त मिळतं. ज्यांच्या डुकरांना आधीच ताप आहे त्यांनी तर याच्या भरवशावर एक दिवसही घालवू नका. माझ्याकडे अर्धं पाकीट उरलंय, गुठळ्यांसकट, कुणाला पाहिजे तर न्या.