आवाज हवेतून आणि हाडातून
रेकॉर्ड केलेला स्वतःचा आवाज बहुतेकांना पातळ, परका वाटतो. आवाज तोच, वाट बदललेली. बोलताना तो आपल्याला हवेतूनही पोचतो आणि कवटीच्या हाडांतूनही. हाडं खर्जाला जास्त साथ देतात. रेकॉर्डिंगमध्ये हवेचीच वाट उरते.

ती वाट लांबची. कानाचा पडदा थरथरतो, मग हातोडी, ऐरण आणि जेमतेम 3 मिलिमीटरची रिकीब ही चिमुकली हाडं दाब सुमारे 20 पट वाढवून आतल्या कानातल्या द्रवाला देतात. हाडाची वाट ही साखळी बरीचशी टाळते. तरी निरोगी कानाला हवेतूनच चांगलं ऐकू येतं.

कानाचे डॉक्टर हेच तपासतात. 512 हर्ट्झचा नादकाटा वाजवून दांडा कानामागच्या हाडावर टेकवतात. आवाज विरला की काटा कानासमोर धरतात. पुन्हा ऐकू आला तर ठीक. हाडावरच जास्त वेळ ऐकू येत असेल, तर बहुधा मळ, पडद्यामागचं पाणी किंवा फाटलेला पडदा आड येतोय. ना वीज, ना मोठं यंत्र! मला ही तपासणी फार सुंदर वाटते. आणि साखळी कायमची बिघडलेली असेल, तर हाडातून ऐकवणारं श्रवणयंत्रही मिळतं.