कोरडी तुंबडी की रक्ताची? पाठदुखीसाठी कपिंग निवडताना

मान आखडलीय, कंबर धरलीय, खांद्यात गाठी आल्यासारखं वाटतंय, आणि कुणीतरी सांगितलं, "कपिंग करून बघ, लगेच मोकळं वाटतं." चौकशी करायला गेलात की दोन प्रकार समोर येतात. एकात नुसते कप लावतात. दुसऱ्यात कप लावून त्वचेवर बारीक चिरे देतात आणि रक्त काढतात. जिममध्ये आणि फिजिओथेरपिस्टकडे पहिल्याला ड्राय कपिंग म्हणतात. दुसऱ्याला वेट कपिंग किंवा बोलीभाषेत सरळ 'हिजामा' म्हणतात, जरी युनानीत हिजामा हे नाव दोन्ही प्रकारांना लागू होतं. आपल्याकडच्या जुन्या माणसांना हे सगळंच 'तुंबडी लावणं' म्हणून माहीत आहे.

माझं मत आधीच सांगते. दुखणं स्नायूंचं असेल आणि कपिंग करायचंच असेल, तर कोरडं करा. रक्त काढल्याने स्नायूला जास्तीचा फायदा होतो असं दाखवणारा भक्कम पुरावा नाही, आणि जास्तीचा धोका मात्र नक्की आहे. का, ते सविस्तर सांगते, कारण दोन्हीकडे तुम्हाला ठामपणे सांगणारी माणसं भेटणार आहेत.

टेबलावर झोपल्यावर नेमकं काय होतं

कोरड्या प्रकारात तुम्ही पालथे झोपता, पाठीला थोडं तेल लावतात आणि काचेचे, प्लास्टिकचे किंवा सिलिकॉनचे कप ठेवतात. काचेच्या कपात स्पिरिटचा पेटता बोळा क्षणभर फिरवून तो चटकन त्वचेवर टेकवतात. आतली हवा थंड झाली की दाब कमी होतो आणि कातडी आत ओढली जाते. प्लास्टिकच्या कपाला वर झडप असते, तिथून हातपंपाने हवा काढतात. पंपाचा प्रकार मला जास्त बरा वाटतो, कारण ओढ किती ठेवायची ते हातात राहतं आणि भाजण्याची भीती नसते. कप साधारण पाच ते पंधरा मिनिटं ठेवतात. काही जण तेलावरून कप सरकवतात. मांडीच्या किंवा पाठीच्या मोठ्या स्नायूंवर हे सरकवणं अनेकांना स्थिर कपांपेक्षा सुखावह वाटतं. मसाजमध्ये हात स्नायू खाली दाबतो, इथे कातडी आणि तिच्याखालचा थर वर उचलला जातो. तिथला रक्तप्रवाह काही वेळ वाढतो, जागा गरम वाटते, ताठरपणा थोडा सैल होतो.

रक्ताच्या प्रकारात सुरुवात अशीच. तीन ते पाच मिनिटं कप ठेवून काढतात, लाल झालेली जागा जंतुनाशकाने पुसतात आणि सर्जिकल ब्लेडने किंवा सुईने अगदी वरवरचे, ओळीत बारीक चिरे देतात. मग कप पुन्हा लावतात. काचेतून दिसतं, आधी लाल ठिपके उमटतात, ते एकमेकांना मिळतात आणि हळूहळू कपाच्या तळाशी रक्त साचतं. काही मिनिटांनी कप काढला की त्यातलं रक्त जेलीसारखं थलथलीत झालेलं असतं. हे एक-दोनदा करून जखमांवर ड्रेसिंग करतात.

ती काळपट जेली आणि ते जांभळे डाग

इथे थोडं थांबायला हवं, कारण बहुतेक लोकांचा निर्णय याच दृश्यावर होतो. ती जेली दाखवून सांगितलं जातं, "बघा, किती खराब रक्त साठलं होतं." पाहणाऱ्याला पटतंही. पण शरीराबाहेर आलेलं कोणतंही रक्त काही मिनिटांत गोठतं. कपाच्या ओढीने त्वचेतल्या बारीक केशवाहिन्यांत साचून राहिलेल्या रक्तातला ऑक्सिजन कमी होतो, म्हणून ते गडद दिसतं. निरोगी माणसाच्या पाठीवर कप लावला तरी तेच दिसेल. रक्तातले टाकाऊ पदार्थ काढायचं काम यकृत आणि मूत्रपिंडं दिवसरात्र करत असतात. पाठीवरच्या चार चिऱ्यांतून निवडून फक्त 'खराब' तेवढं बाहेर येण्याची शरीरात काही सोय नाही.

दुसरा मुद्दा त्याहून महत्त्वाचा. चिरे त्वचेच्या वरच्या थरात असतात. त्याखाली चरबीचा थर आणि त्याच्याही खाली स्नायू. म्हणजे जे रक्त निघतं ते कातडीतलं, दुखणाऱ्या स्नायूतलं नव्हे.

कोरड्या कपिंगचे डागही असेच गैरसमजात सापडलेत. 2016च्या रिओ ऑलिंपिकमध्ये जलतरणपटू मायकेल फेल्प्सच्या खांद्यावर ते गोल डाग जगाने पाहिले आणि तेव्हापासून आपल्याकडच्या खेळाडूंमध्येही कपिंगची मागणी वाढली. हे डाग म्हणजे केशवाहिन्या फुटून त्वचेखाली झिरपलेलं रक्त. काही दिवसांत, फार तर दोन आठवड्यांत ते जातात. डाग जितका काळा तितका आजार जुना, असं कुणी सांगितलं तर विश्वास ठेवू नका. डाग किती गडद होईल हे मुख्यतः ओढ किती, वेळ किती आणि तुमची त्वचा किती नाजूक यावर ठरतं.

पुरावा कुठवर जातो

कपिंगने काहीच होत नाही असं मी म्हणणार नाही. मानदुखी आणि कंबरदुखीवरच्या अनेक छोट्या अभ्यासांत कपिंग घेतलेल्यांचं दुखणं काहीच न घेतलेल्यांपेक्षा कमी झालेलं दिसतं. अडचण अशी की ज्याला कप लावले त्याला ते कळतंच, आणि अपेक्षेनेही दुखणं कमी होतं. म्हणून काही संशोधकांनी बनावट कप तयार केले. त्यांना बारीक छिद्र असतं, त्यातून हवा हळूच आत शिरते आणि ओढ टिकत नाही. जर्मनीत 2016 मध्ये फायब्रोमायल्जिया, म्हणजे अंगभर दीर्घकाळ दुखत राहण्याचा आजार, असलेल्या 141 रुग्णांवर असा अभ्यास झाला. नेहमीच्या उपचारांपेक्षा कपिंगवाल्यांना थोडं बरं वाटलं, पण खऱ्या आणि बनावट कपांत म्हणावा असा फरक निघाला नाही. ब्राझीलमध्ये जुनाट कंबरदुखीच्या 90 जणांवर कोरड्या कपिंगची अशीच तुलना झाली, 2021 मध्ये ती प्रसिद्ध झाली. तिथेही खरे कप बनावट कपांपेक्षा सरस ठरले नाहीत.

रक्ताच्या कपिंगची बाजू यापेक्षा मजबूत आहे का? सौदी अरेबियात 80 रुग्णांवर झालेल्या 2015च्या अभ्यासात वेट कपिंगनंतर कंबरदुखी कमी झाली. पण तुलना बनावट उपचाराशी नव्हती, आणि चिरे देण्याचं सोंग करणं तसंही अवघड. त्यामुळे आराम चिऱ्यांमुळे मिळाला, कपामुळे की कुणीतरी वेळ देऊन काळजी घेतल्यामुळे, हे त्यातून सांगता येत नाही.

याचा अर्थ मी असा लावते: कपिंगने मिळणारा आराम बहुतेकदा छोटा आणि तात्पुरता असतो. तेवढ्यासाठी पाठीवर डाग पडले तर हरकत नाही. तेवढ्यासाठी कातडी चिरून घ्यावी असं मला वाटत नाही.

स्वास्थ्याच्या बाबतीतही तेच. वीस-पंचवीस मिनिटं फोन बाजूला ठेवून शांत पडून राहणं, कुणीतरी पाठीला हात लावणं, यानेच पुष्कळांना त्या रात्री झोप चांगली लागते. कोरड्या कपिंगमध्ये हे सुख पूर्ण मिळतं. प्रतिकारशक्ती वाढते, हार्मोन सुधारतात, वजन उतरतं, अशा जाहिरातींसाठी मात्र खिसा रिकामा करू नका.

धोका: इथे दोघांची जोडी जुळतच नाही

कोरड्या प्रकारात डाग, थोडी हुळहुळ, जास्त वेळ कप ठेवला तर फोड आणि आगीचा कप असेल तर भाजणं, एवढीच यादी. बहुतेक गोष्टी करणाऱ्याचा हात नीट असेल तर टळतात.

रक्त आलं की प्रश्न बदलतो. ब्लेड किंवा कप दुसऱ्यासाठी वापरलेला असेल तर हिपॅटायटिस बी, हिपॅटायटिस सी आणि एचआयव्हीची भीती. मधुमेह असेल तर जखमा भरायला वेळ आणि पू होण्याची शक्यता. काहींच्या त्वचेवर जखमेनंतर जाड, उंचावलेला केलॉइड व्रण येतो, आणि तो खांदे, छाती, पाठीचा वरचा भाग अशा ठिकाणीच जास्त येतो, जिथे हे कप लागतात. रक्त पाहून चक्कर येणारेही पुष्कळ असतात.

मला सगळ्यात जास्त काळजी रक्तक्षयाची वाटते. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत महाराष्ट्रातल्या 15 ते 49 वयोगटातल्या निम्म्याहून जास्त स्त्रियांना रक्तक्षय असल्याचं दिसलं. आणि कंबरदुखी, थकवा, अंगदुखी घेऊन येणाऱ्यांत याच वयाच्या बायका किती असतात! एक मिलीलीटर रक्तात साधारण अर्धा मिलिग्रॅम लोह असतं. समजा एका बैठकीत सगळे कप मिळून 100 मिलीलीटर रक्त गेलं, तर 50 मिलिग्रॅम लोह गेलं. आपलं शरीर रोजच्या जेवणातून जेमतेम एक-दोन मिलिग्रॅम शोषतं. दर महिन्याला हे केलं तर भरपाई कधी होणार? ज्या थकव्यासाठी ती गेली, तो थकवाच वाढायचा. म्हणून ताईंनो, वेट कपिंगचा विचारही करण्याआधी हिमोग्लोबिन तपासा. साधी, स्वस्त तपासणी आहे.

रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या, म्हणजे अ‍ॅस्पिरिन, क्लोपिडोग्रेल, वॉरफरिन वगैरे चालू असतील, रक्त न गोठण्याचा आजार असेल, गरोदरपण असेल, तर रक्ताची तुंबडी नकोच. आणि कृपा करून हिजामासाठी या गोळ्या स्वतःच्या मनाने बंद करू नका. अशांनी कोरड्या कपिंगआधीही आपल्या डॉक्टरांना विचारावं.

परंपरेचा मान आणि करणाऱ्याची पात्रता

हे उपचार कुणी काल शोधलेले नाहीत. आयुर्वेदाच्या सुश्रुतसंहितेत रक्त काढण्यासाठी शृंग म्हणजे जनावराचं शिंग, जळवा आणि अलाबू म्हणजे दुध्या भोपळा सांगितला आहे. आधी त्वचेला चिरे द्यायचे, मग आत दिवा ठेवलेला भोपळा लावायचा, असा तो विधी. युनानी पद्धतीतही हा उपचार शतकानुशतकं चालत आलाय. अनेक मुस्लिम कुटुंबांत हिजामा सुन्नत, म्हणजे पैगंबरांची रीत म्हणून, चांद्र महिन्याच्या 17, 19 किंवा 21 तारखेला श्रद्धेने करून घेतात. ज्यांच्यासाठी ही श्रद्धेची बाब आहे, त्यांना मी 'करू नका' म्हणणार नाही. सुरक्षितपणे करा, एवढीच कळकळ.

सुरक्षितपणे म्हणजे काय? करणारी व्यक्ती युनानी किंवा आयुर्वेदाची पदवीधर आणि महाराष्ट्र भारतीय चिकित्सा परिषदेकडे नोंदणी असलेली हवी. ब्लेड तुमच्यासमोर नव्या पाकिटातून निघायला हवं. कप नवे असावेत आणि नंतर फेकले जावेत. हातात मोजे हवेत. वापरलेली ब्लेडं टोचणार नाही अशा पांढऱ्या डब्यात आणि रक्ताचा कापूस पिवळ्या पिशवीत जायला हवा, जैववैद्यकीय कचऱ्याचे 2016चे नियम तेच सांगतात. डबा-पिशवी दिसली नाही तर शर्ट घालून बाहेर पडा. ब्युटी पार्लर, जत्रेतला तंबू, घरी येऊन करून देणारा 'दोन दिवसांचा कोर्स केलेला' माणूस, यांच्याकडून रक्ताची तुंबडी कधीच नको. बऱ्याच ठिकाणी कपामागे पैसे घेतात, त्यामुळे कप किती लावणार आणि का, हे आधीच ठरवून घ्या.

कोरड्यासाठी नोंदणीकृत फिजिओथेरपिस्ट उत्तम, कारण तो कप काढल्यावर व्यायामही शिकवतो. खरी सुधारणा तिथूनच होते. दिवसभर लॅपटॉपवर मान वाकवून बसणाऱ्याला कपाने दोन दिवस मोकळं वाटेल. त्या दोन दिवसांत मानेचे आणि पाठीचे व्यायाम सुरू केले तर पुढचा महिना बरा जाईल. हाफ मॅरेथॉननंतर पोटऱ्या भरून आलेल्या धावपटूला सरकते कप चालतील, पण स्नायू फाटल्याची शंका असेल, सूज-निळेपणा असेल, तर कप अजिबात नको. एकाच पायाच्या पोटरीत सूज आणि दुखणं असेल तर आधी रक्ताची गुठळी नाही ना हे डॉक्टरांकडून पाहून घ्या.

आणि काही दुखणी कुठल्याच कपाची नसतात. चालताना किंवा जिना चढताना डावा खांदा, जबडा किंवा छाती भरून येणं आणि घाम फुटणं, कंबरदुखीबरोबर पायातली ताकद जाणं, लघवी-शौचावरचा ताबा सुटणं, तापाबरोबर किंवा वजन घटत असताना पाठ दुखणं, पडल्यानंतर सुरू झालेलं दुखणं: यांपैकी काहीही असेल तर कपिंगची वेळ रद्द करा आणि त्याच दिवशी दवाखाना गाठा. छातीची लक्षणं किंवा लघवीचा ताबा सुटणं असेल तर 108ला फोन करा.