नेरळ–माथेरान मिनी ट्रेन: चढताना घ्या, तीही आठवड्याच्या मधल्या दिवशी

माथेरानची गाडी म्हणजे खरं तर दोन गाड्या. एक नेरळहून निघून घाट चढते. वीस किलोमीटरांना तिला दोन तास चाळीस मिनिटं लागतात. दुसरी माथ्यावरच्या अमन लॉज स्टेशनापासून माथेरानपर्यंतची शटल, वीसेक मिनिटांत संपणारी. शटल सगळी माथ्यावरच्या झाडीतून जाते, दरी तिला लागतच नाही. त्यामुळे शटलमध्ये बसून आलेला माणूस ‘गाडीत काही विशेष नाही’ म्हणाला तर तो खोटं बोलत नसतो, पण त्याने घाट पाहिलेला नसतो.

आमची शिफारस नेरळहून वर जाणाऱ्या गाडीची. २०२२ च्या ऑक्टोबरात ती पुन्हा सुरू झाली तेव्हा दुसऱ्या वर्गाचं भाडं ९५ रुपये होतं आणि पहिल्याचं ३४०. दुसरा वर्ग पुरतो. अडचण भाड्याची नाही, जागेची आहे. सकाळी मोजक्याच फेऱ्या, गाडी सहा डब्यांची आणि दोन रुळांमधलं अंतर दोन फूट, म्हणजे डबेही त्याच मापाचे. तिकीट नेरळच्या खिडकीवर गाडी सुटण्याच्या पाऊण तास आधी मिळू लागतं, पण रांग त्याच्या कितीतरी आधी लागते. शनिवार-रविवारी किंवा दिवाळीच्या सुट्टीत आयत्या वेळी पोचून तिकीट मिळेल ही आशा सोडा. मंगळवार-बुधवारी पहिली गाडी धरणाऱ्या लोकलने आलात तर बहुधा जमतं. पुण्याकडून येणाऱ्यांनी कर्जतला उतरून मुंबईकडे जाणारी लोकल घ्यावी. भिवपुरी रोडनंतर नेरळच.

सामान पाठीवरच्या एका पिशवीत मावेल एवढंच ठेवा. समोरासमोरच्या बाकांत गुडघ्याला गुडघे लागतात, चाकांची मोठी बॅग तिथे कुणाच्या तरी पायावरच उभी राहते. खिडकी मिळाली तर उत्तम, पण ‘दरीची बाजू कुठली’ यावरून भांडू नका. रूळ इतक्या वेळा उलटे फिरतात की दरी आलटून पालटून दोन्हीकडे येते.

हे फिरणं हीच या रेल्वेची करामत. अब्दुल हुसेन आदमजी पीरभॉय यांनी ती १९०४ ते १९०७ मध्ये बांधली, वडील सर आदमजींच्या पैशांवर. खर्च सोळा लाख. नेरळ समुद्रसपाटीपासून चाळीसेक मीटरवर, माथेरान आठशेच्या आसपास. वीस किलोमीटरांत एवढी उंची गाठायची म्हणजे सरासरी सव्वीस मीटरला एक मीटर चढ, आणि अवघड जागी वीसला एक. साध्या रेल्वेच्या चाकाला हा चढ जड जातो, म्हणून इथे दातेरी रूळ असतील असं वाटतं. ते नाहीत. रुळांना घोड्याच्या नालासारखं वळण दिलं, एका जागी भराव घातला आणि गाडी मागेपुढे न करता सलग चढवली. जुम्मापट्टी स्टेशन सुटल्यावर खिडकीतून खाली बघा: आत्ता मागे टाकलेले रूळ पायाखालच्या मजल्यावर दिसतात. वॉटर पाइप स्टेशनाच्या अलीकडे मार्गावरचा एकुलता एक बोगदा लागतो, ‘वन किस टनेल’. नावाइतकाच वेळ टिकतो. वॉटर पाइपला वाफेची इंजिनं पाणी घेत, नाव त्यावरूनच पडलं. पुढची तीव्र वळणं आणि पॅनोरमा पॉइंटजवळची कातळातली खाच हा सगळ्यांत देखणा टप्पा. फोनची बॅटरी तिथवर राखून ठेवा.

वळणावर चाकं किंचाळतात. घाबरायचं कारण नाही. वळण आवळलेलं असल्याने चाकाची कड रुळाच्या आतल्या अंगाला घासते. वेग ताशी वीस किलोमीटरच्या वर जातच नाही. काळजी करावी असा इतिहास मात्र आहे. मे २०१६ मध्ये अमन लॉजजवळ गाडी पाठोपाठ दोनदा रुळांवरून घसरली आणि सेवा बंद झाली. पूर्वी डब्याडब्यावर ब्रेकमन उभे राहून शिट्टीच्या इशाऱ्यावर हाताने ब्रेक आवळत. या अपघातांनंतर एअर ब्रेक आले. मग २०१९ च्या पावसाने रूळच वाहून नेले. माथ्यावरचा जांभा पाणी पितो, माती सुटते आणि रुळांखालची खडी तिच्यासोबत उतरते. म्हणूनच दरवर्षी साधारण १५ जून ते १५ ऑक्टोबर घाटातली गाडी बंद असते आणि फक्त शटल चालते. पावसाळी माथेरान सुरेख असतं, पण मिनी ट्रेनसाठी तेव्हा निघू नका.

गाडी हुकली तर नेरळ स्टेशनबाहेरून शेअर टॅक्सीने दस्तुरी नाका गाठायचा. स्वतःची गाडी असेल तर घाटात पहिल्या गिअरवरच राहा. अर्धा क्लच दाबून चढवणाऱ्यांच्या गाड्या जळका वास सोडत वळणावर उभ्या असतात, आणि त्यांच्यामागे सगळा घाट. उतरतानाही पहिलाच गिअर. नुसत्या ब्रेकवर उतरलात तर ते तापून धरेनासे होतात. पेट्रोल-डिझेलच्या गाड्यांना दस्तुरीच्या पुढे मज्जाव आहे, आणि माथेरान अजून माथेरान आहे ते त्यामुळेच.

दस्तुरीला प्रवासी कर भरा आणि ‘शटल बंद आहे, बाजार लांब आहे’ असं सांगत येणाऱ्यांकडे कानाडोळा करून थेट अमन लॉजच्या खिडकीवर विचारा. बाजार अडीच किलोमीटर. रुळांशेजारची वाट जवळजवळ सपाट आणि सावलीची आहे. चालत पाऊण तास. धडधाकट माणसांनी शटलच्या रांगेत तेवढाच वेळ घालवण्यात अर्थ नाही. म्हातारी माणसं किंवा लहान मुलं असतील तर शटल किंवा ई-रिक्षा. हातरिक्षा सहा महिन्यांत बंद करा, असा आदेश सर्वोच्च न्यायालयाने ऑगस्ट २०२५ मध्ये दिला; उशीर झाला, पण योग्य झालं. घोडा घेणार असाल तर दरफलक वाचूनच बोला, आणि कुठले पॉइंट व किती तास हे दोन्ही निघण्याआधी ठरवा. घासाघीस नेहमी परतल्यावर ‘जादा पॉइंट’वरून होते.

एका दिवसात सगळे पॉइंट करायचा हट्ट नको. शार्लोट तलाव, पिसारनाथाचं देऊळ, एको आणि लुईझा ही एकाच अंगाची माळ पुरे. लुईझावरून समोर प्रबळगड दिसतो. तलाव गावाच्या पिण्याच्या पाण्याचा आहे, त्यात उतरू नका. पॅनोरमा बाजारापासून लांब आहे, त्याला अर्धा दिवस वेगळा काढा.

हातात वेफर्सची पुडी घेऊन चालू नका. माकडं पिशवीच्या सळसळीवर येतात, आणि पुडी धरून ठेवणारा ओरबाडला जातो. पांढरे बूट घरीच ठेवा. इथली लाल धूळ मोज्यांत शिरते आणि दोन धुण्यांनंतरही जात नाही.